मियागामच्या आउटरला अकरा दिवस

आमच्या पद्माकरमामांच्या घरी दाराशेजारच्या खिळ्याला एक रजिस्टर टांगलेलं असतं. रेल्वेचं, जुनं, हिरव्या कापडी पुठ्ठ्याचं. घरात कोणी उशिरा आलं की त्यात नोंद करायची: नाव, यायची वेळ, आल्याची वेळ, आणि शेवटच्या खान्यात कारण. कारण एका ओळीत बसलं पाहिजे. दुसरी ओळ सुरू झाली की मामांच्या मते ती सबब. मी आठवीत असताना एकदा त्यांच्याकडे जेवायला पंचवीस मिनिटं उशिरा पोचले. ताट वाढलेलं होतं, पण आधी हातात पेन दिलं. मी लिहिलं, 'सायकल पंक्चर'. मामांनी वाचलं आणि विचारलं, "कुठलं चाक?"

मामा म्हणजे पद्माकर दिघे. एकतीस वर्षं बडोद्यात प्रतापनगरच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. काम काय, तर कानाला हेडफोन लावून बसायचं, स्टेशनमास्तर कळवतील तशा गाड्यांच्या वेळा घ्यायच्या, आणि समोरच्या मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीने रेघा ओढायच्या. तक्त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते. आडव्या रेघेवर कारण लिहायचं. एकतीस वर्षांत मामांनी लाखभर गाड्या पुढे सरकवल्या असतील, पण त्या खोलीला रुळांच्या बाजूची खिडकी नव्हती. घरचा फोन वाजला तरी ते "बोला, कंट्रोल" म्हणायचे. आवाज कधी चढवला नाही. तेवढ्यानेच समोरच्याला घाम फुटायचा.

त्या रजिस्टरात एक नोंद मात्र अर्धवट होती. बत्तीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली, निरुपमामामीच्या अक्षरातली. नाव: पद्माकर. यायची वेळ: १२.३०. आल्याची वेळ: १८.१०. कारण: कोरं. त्या दिवशी दुपारी तीनला मामेबहीण मैत्रेयीचा जन्म झाला होता, आणि मामा दवाखान्यात पोचले संध्याकाळी. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून मामा अडकले. मग ते एका ओळीत लिहायला काय हरकत होती, हा प्रश्न मी लहानपणी एकदा विचारला आणि मामीने माझ्या हातात शेंगा सोलायला दिल्या.

आता माझ्याबद्दल. मी मनाली. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांत वाढले, म्हणजे समुद्राशी माझा संबंध सूरसागर तलावाच्या कठड्याएवढाच. पण कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिडाच्या होडीत बसले आणि कामातून गेले. आज लोकांच्या शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचा माझा धंदा आहे. स्वभाव तापट. हे मी सांगितलं नाही तर माझा नवरा कुणाल सांगेल, म्हणून आधीच सांगून टाकते.

त्या वर्षी श्रीलंकेतल्या गॉलहून सेशेल्सला एक अडतीस फुटी बोट पोचवायची होती. सोळाशे सागरी मैल, अंदाजे चौदा दिवस. मी, कुणाल आणि तिसरा एक जण. कुणाल कोयलीच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्याने साठवलेली सगळी रजा काढली. तिसऱ्याला नेमकी निघायच्या पंधरवड्यात कावीळ झाली. मामांच्या नागरवाड्यातल्या फ्लॅटवर जेवायला बसलो असताना मी हे रडगाणं गात होते: "मला काही खलाशी नको आहे. चार तास न झोपता बसेल, दर अर्ध्या तासाला होकायंत्र बघेल आणि वहीत लिहील, असा माणूस हवा."

मामांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "मी येतो," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही, कारण मामा विनोद करत नाहीत. मामी म्हणाली, "वय सहासष्ट. पोहता येत नाही." मामा म्हणाले, "मला गाडीही चालवता येत नव्हती." उत्तर मैत्रेयीकडे होतं. ती बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आठवा महिना चालू होता, आणि डॉक्टरांनी सहा एप्रिल ही तारीख दिली होती.

"बाबा, या वेळी तरी वेळेवर या," ती म्हणाली. एवढंच. ताटात बघत म्हणाली.

मामा उठले, कागद घेतला आणि तिथल्या तिथे वेळापत्रक आखलं. गॉलहून सुटणार पाच मार्च, दहा वाजता. पोचणार एकोणीस मार्च. त्यापुढे अठरा दिवस रिकव्हरी टाइम. गाडीला उशीर झाला तर भरून काढायला वेळापत्रकात थोडा वेळ राखून ठेवतात, त्याला रिकव्हरी टाइम म्हणतात. "अठरा दिवसांचा रिकव्हरी टाइम भारतात कुठल्याही गाडीला नाही," मामा मैत्रेयीला म्हणाले. "मी असेन." तो कागद मामीने फ्रिजवर चिकटवला. चिकटवताना तिने दाराजवळच्या रजिस्टराकडे पाहिलं. मामांनी पाहिलं नाही.

गॉलला मामा उतरले ते इस्त्रीच्या शर्टात. सामानात बडोद्याचा ओलसर लीलो चिवडो पाच किलो, एक भिंतीवरचं घड्याळ, दोन खोडरबर, डझनभर पेन्सिली आणि कंट्रोलच्या कोऱ्या तक्त्यांची गुंडाळी. मी म्हटलं, मामा, बोटीवर जीपीएस आहे. ते म्हणाले, "असू दे ने. तो कारण लिहितो का?"

पहिली अडचण अशी आली की समुद्रात स्टेशनं नसतात, आणि स्टेशनांशिवाय तक्ता होत नाही. मामांनी अर्धा तास विचार केला. मग गॉलच्या जागी वडोदरा लिहिलं, सेशेल्सच्या जागी भरूच, आणि मधल्या सोळाशे मैलांचे बारा सारखे भाग करून त्यांवर आपल्या आयुष्यभराची स्टेशनं बसवली: विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला, काशीपुरा, मियागाम, लाकोदरा, पालेज, वरेडिया, नबीपूर, चावज आणि मग भरूच. हिंदी महासागर त्यांच्या ओळखीचा झाला. आम्ही दहा वाजून सात मिनिटांनी निघालो.

"कारण?" मामा म्हणाले.

"इमिग्रेशनचा शिक्का," मी म्हटलं.

"शिक्का की साहेब?"

बोटीवर उपग्रहावरून चार ओळींचे निरोप पाठवणारं एक छोटं यंत्र होतं. मामा रोज संध्याकाळी त्यावरून नागरवाड्याला निरोप धाडायचे. 'विश्वामित्री पास. सर्व ठीक.' मामीला जगाचा नकाशा काढून दाखवला असता तर कळलं नसतं, पण हे बरोबर कळायचं. मैत्रेयी फ्रिजवरच्या कागदावर खुणा करायची. एकदा भाजीवालीपाशी शेजारणीने चौकशी केली तेव्हा मामी म्हणाली, "ए तो हजी वरणामा पहोंच्या छे," म्हणजे आत्ताशी वरणाम्यापर्यंत पोचलेत. शेजारीण म्हणाली, वरणामाला तर माझा भाऊ राहतो, त्यांना जेवायला पाठवू का. हे मामीने आम्हाला निरोपात कळवलं. मामांनी उत्तर दिलं, 'वरणामाला थांबा नाही.'

मामा कामाला वाघ निघाले, हे मला कबूल करायला हवं. पहिले दोन दिवस कुणाल बादलीत डोकं घालून पडलेला, आणि हे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ सुकाणूशेजारी मांडी घालून, घड्याळ समोर ठेवून, चार तासांत एकदाही पाठ न टेकता बसलेले. शिडं कशी ओढायची ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पण वारा एका बोटाने सरकला तरी हळूच हाक यायची, "मनाली, बोल, वारा नैऋत्येला गेला." मी झोपेतून उठून चिडायचे, आणि वारा खरंच गेलेला असायचा.

वारा पहिल्यापासूनच हलका होता. चौदा दिवसांचा हिशेब इटोल्याच्या आतच कोलमडला. दहाव्या दिवशी, पंधरा मार्चला, आम्ही अर्ध्या वाटेवर होतो, मियागाम वीसेक मैलांवर आलेलं, आणि सकाळी नऊच्या सुमारास वारा पडला.

वारा पडला की समुद्र शांत होतो अशी लोकांची समजूत आहे. तसं काही नसतं. कुठून तरी दुरून आलेली लांबट लाट बोटीखालून जातच असते. शिडात वारा नसला की बोट त्या लाटेवर इकडून तिकडे लोळते, आणि शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, धाडकन् या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटतो. दर आठ सेकंदांनी. मी तो दांडा दोरीने बांधला. मग कपबशा आपटायला लागल्या. त्या टॉवेलात गुंडाळल्या. मग कपाटात कुठेतरी एकच डबा खुडखुडायला लागला, तो शोधायला कुणालला अडीच तास लागले. चिवड्याचाच निघाला.

मामांनी तक्त्यावर आडवी रेघ ओढायला घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'मियागाम आउटर. वारा नाही.' स्टेशनात जागा नसली की गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी करतात, ते आउटर. त्या संध्याकाळी नागरवाड्याला निरोप गेला: 'मियागामच्या आउटरला उभे.' मामीचं उत्तर आलं, 'किती वेळ?' गाडीतल्या प्रवाशाला पडतो तोच प्रश्न.

पहिले दोन दिवस मी इंजिन चालवलं. डिझेल एकशेवीस लिटर होतं, त्यातलं पन्नास जाळून मियागामही ओलांडलं नाही, कारण उलटा प्रवाह होता. इंजिन बंद केलं तसे आम्ही मागे सरकायला लागलो. मामांची रेघ आडवीच्या ऐवजी थोडी खाली यायला लागली. "एकतीस वर्षांत," ते म्हणाले, "गाडी मागे जाताना मी काढली नाही." मग नाइलाजाने काढली. पुढे तीन दिवस इकडेतिकडे करून प्रवाहही थकला, आणि मग आम्ही आहोत तिथेच राहिलो.

मला समुद्रावर वादळाची भीती वाटत नाही. वादळात करायला काम असतं. या असल्या दिवसांत माझं डोकं फिरतं. मी वाऱ्याला शिव्या दिल्या, बोटीच्या मालकाला दिल्या, हवामानखात्याला दिल्या, मग कुणालला दिल्या, कारण तो जवळ होता. कुणालची रजा संपत आली होती. तो म्हणायचा, "आमच्या प्लांटमध्ये काही वाहत नसलं की कुठला तरी व्हॉल्व्ह बंद असतो." मी म्हटलं, जा, उघडून ये. आम्ही पाऊण दिवस बोललो नाही, आणि अडतीस फुटांत न बोलण्यासाठी फार कसरत करावी लागते.

मामा मात्र दर चार तासांनी कारण लिहीत होते. 'वारा नाही.' 'वारा नाही.' तिसऱ्या दिवसापासून 'वरीलप्रमाणे'. एका सकाळी मी बटाट्याची सालं पाण्यात टाकली. दुपारी बघते तर सालं बोटीशेजारीच. दुसऱ्या सकाळी त्यांतलं एक लांबडं साल बोटीच्या पुढच्या टोकाच्याही पुढे गेलेलं. मामांनी वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि तक्त्यावर एक वेगळी बारीक रेघ ओढली. मी विचारलं हे काय. "साल पास," ते म्हणाले. "ते आपल्या आधी मियागामला पोचणार. नोंद नको?" मी हसायला लागले, कुणालही हसला, आणि आमचा अबोला सुटला. मामा हसले नाहीत. त्यांना खरंच नोंद हवी होती.

असे नऊ दिवस गेले. तारीख झाली चोवीस मार्च. मी रोज मनाशी गणित मांडत होते. अजून आठशे मैल बाकी. हलक्या वाऱ्यात अकरा दिवस, वर विमान आणि मुंबईहून बडोद्याची गाडी. आज वारा आला तरच सहा एप्रिल जेमतेम साधत होतं. मामांनीही तेच गणित मांडलं असणार, ते तर या गणितातच म्हातारे झाले. पण त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मैत्रेयीचा निरोप आला होता: 'बाबा, पाय सुजलेत. कुठे आहात?' मामांनी लिहिलं, 'मियागाम आउटर.' मग यंत्र पुसून जागेवर ठेवलं.

चोवीसला दुपारी मला राहवलं नाही. मी इंजिनाची किल्ली घेऊन आले. "मामा, सत्तर लिटर आहे. सगळं जाळू. शंभरेक मैल दक्षिणेला गेलो तर वारा मिळू शकतो."

"शकतो," मामा म्हणाले.

"मिळेल."

"आणि नाही मिळाला तर? पलीकडे बंदराच्या तोंडाशी खडक आहेत असं तूच सांगितलंस. तिथे वारा पडला तर बोट वळवायला काय राहील?"

"ते मी बघून घेईन. मी कॅप्टन आहे."

"आहेस. म्हणून तुला विचारतो. मैत्रेयी माझी मुलगी नसती, तर तू आज हे डिझेल जाळलं असतंस?"

नसतं जाळलं.

"शांती राख," मामा म्हणाले. "एकतीस वर्षांत आपल्या घरची माणसं आहेत म्हणून एकही गाडी आधी सोडली नाही. बोटीत तीन जीव आहेत."

मग मला फारच राग आला. इतका की बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुमचं हे नेहमीचंच. मैत्रेयी जन्मली तेव्हाही तुम्हाला गाड्याच दिसल्या. रिलीव्हर आला नाही म्हणून काय झालं, सगळं सोडून जाता आलं नसतं का एक दिवस?"

कुणाल आत निघून गेला. मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. दुपारचे दोन वाजले असतील. समुद्र तेल सांडल्यासारखा चकचकत होता, आणि दोरीने बांधलेला बूम हळूहळू कुरकुरत होता.

"रिलीव्हर आला होता," मामा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हंबीरराव. बारा वाजता, बरोबर बारा. मी चार्ज देऊन उठलो. दवाखान्यातून निरोप आला होता की अडलंय, जड जातंय, सही करायला या. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. हंबीररावांना म्हटलं, एक गाडी बघून जातो. त्यांच्या मागे स्टुलावर बसलो. सहा तास." त्यांनी पेन्सिल तक्त्यावर आडवी ठेवली. "तिथे मी 'इटोला' म्हटलं की इटोला उत्तर द्यायचं. पालेज म्हटलं की पालेज. दवाखान्यात कोणाला विचारणार होतो? तुझ्या आजीने सही केली. मी गेलो तेव्हा सगळं झालं होतं."

"मामीला सांगितलं नाहीत?"

"ती म्हणाली, रिलीव्हर आला नसेल. मी मान हलवली. लिहायचं म्हटलं तर हात चालेना. खोटं कारण मी आयुष्यात लिहिलेलं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू आलं आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदम. बत्तीस वर्षं अख्ख्या घराला एकेका पंक्चरचा जाब विचारणारा माणूस, आणि स्वतःचा खाना कोरा. पण ते आता पळालेले नव्हते, हेही दिसत होतं. इथे हेडफोन नव्हता, एकही स्टेशन उत्तर देत नव्हतं, आणि ते आपल्या जागेवर मांडी घालून बसले होते. मी किल्ली खिळ्याला अडकवली. मामांनी घड्याळ पाहिलं, तक्ता ओढला आणि लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

सव्वीस तारखेला दुपारी मी झोपले होते. नेहमीची हाक आली नाही, म्हणून जाग आली. वर येऊन बघते तर मामा तक्त्याकडे टक लावून बसलेले. तक्त्याच्या चारही कोपऱ्यांवर त्यांनी काहीबाही ठेवलं होतं, एका कोपऱ्यावर खोडरबर. तो कोपरा उचलत होता. खाली बसत होता, पुन्हा उचलत होता. मग खोडरबर घरंगळून खाली पडला.

"सोड दोरी," मामा अगदी हळू म्हणाले, जसा काही आवाजाने वारा परत जाईल. मी बूम सोडला. शीड एकदा फडफडलं आणि भरलं. मामांनी लिहिलं, '१४.४०. आउटर सुटला.' रेघ थोडी वाकडी आली. ती त्यांनी खोडली नाही.

नंतरचे दिवस बरे गेले. लाकोदरा, पालेज, वरेडिया, नबीपूर. मध्ये विषुववृत्त लागलं, मामांनी त्याची नोंद 'फाटक' अशी केली. दोनदा पाऊस झाला, पाणी भरून घेतलं. मामा रोज निरोप धाडायचे आणि उत्तर येईपर्यंत यंत्राकडे बघायचे. वारा हलकाच होता, आणि मी डिझेलकडे बघायचं सोडून दिलं होतं.

पाच एप्रिलला दुपारी आम्ही चावज सोडलं. भरूच एकशेतेहतीस मैल. निरोप त्या वेळेला आला, मामीचा: 'मुलगी. सकाळी ११.२०. दोघी ठीक. तुम्ही?'

मामांनी तो तीनदा वाचला. मग यंत्र माझ्या हातात दिलं, बोटीच्या पुढच्या टोकाला गेले आणि डोलकाठीची तार धरून उभे राहिले. मी कुणालला गोड शिरा करायला सांगितलं, त्याने तिखट टाकलं की काय कोण जाणे, पण सगळ्यांनी खाल्ला. उत्तर मामांनी संध्याकाळी दिलं. 'चावज पास. उशीर झाला.' कारण लिहिलं नाही.

नऊ एप्रिलला सकाळी मी आणि मामा नागरवाड्याच्या जिन्यात उभे होतो. कुणाल थेट कोयलीला गेला होता, साहेबाला कारण सांगायला. महिन्याभराच्या समुद्राने माझे पाय अजून डोलत होते, आणि मामाही कठड्याला धरून चढत होते. अंगावर तोच इस्त्रीचा शर्ट, आता मिठाने कडक झालेला. दार मामीने उघडलं. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळलात." मग बाजूला झाली.

आत पलंगावर मैत्रेयी बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. तिने वर पाहिलं. मला वाटलं ती रडेल किंवा भांडेल. पण ती शेवटी मामांचीच मुलगी.

"कारण?" ती म्हणाली.

मामा दारातच उभे राहिले. "वारा नव्हता," ते म्हणाले.

मैत्रेयीने मान डोलावली. "मान्य."

मामा आत आले नाहीत. त्यांनी वळून खिळ्यावरचं रजिस्टर काढलं. पिवळी पानं उलटत बत्तीस वर्षांमागे गेले, बोट ठेवलं आणि खिशातली पेन्सिल काढली. मी श्वास रोखून बघत होते, कारण आता काय फुटणार हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, अशी माझी समजूत.

"त्या दिवशी," मामा मामीकडे न बघता म्हणाले, "हंबीरराव वेळेवर आले होते."

"बाराला पाच कमी असताना घरातून निघाले होते," मामी म्हणाली. "हंबीररावांच्या वसुंधरावहिनींनीच मला दवाखान्यात डबा आणला होता त्या संध्याकाळी. त्यांना काय, बोलता बोलता सांगून गेल्या."

हंबीरराव सहकुटुंब मामांच्या शेजारच्याच क्वार्टरात राहायचे. रेल्वे क्वार्टरात कोण किती वाजता डबा घेऊन निघालं हे सगळ्या लायनीला ठाऊक असतं. गाड्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या मामांना एवढं एक सुचलं नव्हतं.

"म्हणजे तुला तेव्हापासून..." मामांचा आवाज आला तो मी कधी ऐकलेला नव्हता. "मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? खाना तुमचा होता."

मामा खाली वाकले आणि लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. 'घाबरलो.' एका ओळीत बसलं, अर्धी ओळ उरली. मामीने रजिस्टर हातात घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून वाचलं, पदराने पुठ्ठ्यावरची धूळ पुसली आणि खिळ्याला अडकवलं. मग मैत्रेयीच्या मांडीवरून बाळ उचलून ती मामांसमोर उभी राहिली.

मामांनी दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. पेन्सिल अजून बोटांतच होती.

"भीती वाटतेय?" मामीने विचारलं.

"हो," मामा म्हणाले.

"मग बसून घ्या."

मामा बसले.